खुंटीला टांगलेला टकटक्या

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. राखाडी रंगाचा, दोन्ही टोकांना जाड वायरची शेपटी असलेला, तुमच्या दप्तरापेक्षा लहान आणि कंपासपेटीपेक्षा मोठा. माझ्या तोंडावर एक छोटी काच आहे, तिच्यात आकडे उमटतात. काचेखाली दोन दिवे आहेत, एक हिरवा आणि एक लाल. बोलता मला येत नाही. जे सांगायचं ते मी एकाच शब्दात सांगतो, टक्. आज मात्र मी जरा लांबण लावणार आहे, कारण जे घडलं ते एका शब्दात मावत नाही. त्याला आता कितीतरी महिने झाले, तरी मी अजून सावरलेलो नाही. विजेचे तडाखे सोसण्यासाठीच ज्याला बनवलं त्याने असं म्हणावं, याचं तुम्हाला हसू येईल. या, बसा, आणि आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. जाड चष्म्याच्या एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या आणि एकेका जोडाला नीट डाग दिला. मग तिने तीन निळ्या चकत्या बसवल्या. आभाळात वीज कडाडली आणि तारेतून एका क्षणाचा लोंढा आला, तर तो या चकत्या स्वतःवर घेतात. शेवटी तिने एक छोटा लोखंडी हात बसवला. तो वीज जोडतो आणि तोडतो, आणि हलला की टक् असा आवाज होतो. टेबलाच्या टोकाला तपासनीस बसला होता. त्याने काही न सांगता माझ्यावर एकदम चारशे व्होल्ट सोडले. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडली. "तिखट आहे रे हा," तो शेजारच्याला म्हणाला आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. आयुष्यात माझं कौतुक मोजून दोनदा झालं, त्यातलं हे पहिलं.

माझं काम तसं सोपं आहे. घराला साधारण दोनशे तीस व्होल्ट लागतात. दोनशे पंचावन्नच्या वर गेले की मी तोडतो. मग बाहेर सगळं ठीक झालं तरी लगेच वीज सोडत नाही, तीन मिनिटं थांबून खात्री करून घेतो. फ्रिजमधलं यंत्र घाईघाईने बंद-चालू झालं तर दुखावतं, म्हणून मला बनवणाऱ्यांनीच ही सवय लावून दिली. त्या वेळात माझ्या काचेवर एकशे ऐंशीपासून उलटे आकडे पळत असतात. या तीन मिनिटांचा मला भारी अभिमान होता. मला वाटायचं, शहाणा माणूस असाच थांबतो. ही तीन मिनिटं तेवढी लक्षात असू द्या.

मला विकत घेतलं ते फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका मुलीने, तिच्या बाबांसाठी. बाबा म्हणजे आमचे काका. चौतीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढले आणि मग निवृत्त झाले. त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणायचे. मीही तेच म्हणतो. बाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला, नद्या शिकवल्या, घाट शिकवले, आणि स्वतः गावाबाहेर फारशा गेल्याच नाहीत. काका निवृत्त झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, आता तरी मला नकाशातून बाहेर काढा." मग दोघांनी एक जुनी बस घेतली. आतली आसनं काढून पलंग, ओटा, फ्रिज, छोटा टीव्ही आणि खिडकीशी बाईंची खुर्ची बसवली. अशी ती चाकांवरची खोली झाली. जिथे मुक्काम पडेल तिथल्या खांबाला बसची वायर जोडायची, आणि खांब व बस यांच्या मधे मी.

मला काकांच्या हातात देताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, खांब काही आपले नसतात. कुठून काय येईल सांगता येत नाही. हा मधे असू दे. आणि याने तोडली तर याच्यावर चिडायचं नाही. बाहेर काय बिघडलंय ते बघायचं. काढायचा तर मुळीच नाही. शब्द द्या."

"मला वीज शिकवतेस होय?" काका म्हणाले, पण हसून शब्द दिला. बाईंनी माझं नाव टकटक्या ठेवलं.

तीन वर्षं आम्ही फिरलो. एका डोंगरावर मुक्काम होता तेव्हा जवळच वीज पडली. माझी एक निळी चकती जागच्या जागी करपली, पण बसमधला साधा दिवासुद्धा गेला नाही. सकाळी काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पठ्ठ्या, निभावलंस." हे दुसरं कौतुक. त्यानंतर तिसरं काही आलं नाही.

मग बाईंचा श्वास बिघडला. आधी चढ चढताना, मग सपाटीवर, मग नुसतं बसल्या बसल्या. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं आणि सांगितलं की आता भटकंती पुरे, दवाखान्याजवळ एका जागी राहा. म्हणून आमची बस गावाच्या कडेच्या एका मैदानात येऊन थांबली. तिथे अशा गाड्यांसाठी आठ जागा होत्या आणि प्रत्येक जागेला विजेचा एक खांब. काकांनी चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले. हळूहळू टायरमधली हवा उतरली, चाकांना टेकून गवत वाढलं. मशीन दिवसरात्र घुर्र घुर्र चालायचं आणि त्यातून निघालेली पारदर्शक नळी बाईंच्या नाकाशी असायची. मशीन बंद पडलं तर म्हणून एक छोटा सिलिंडरही खुर्चीशेजारी उभा होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही आलो त्याच आठवड्यात मैदानाचा राखणदार काकांकडे आला. त्याच्या कमरेला एवढा मोठा चाव्यांचा जुडगा असायचा की काका त्याला किल्लेदार म्हणायचे. आठही जागांची वीज ज्या मोठ्या पेटीतून यायची तिच्यातला एक जोड गंजला होता. पेटी आमच्या खांबासमोरच, दहा पावलांवर. काकांनी ती उघडली. मैदानात वीज तीन तारांनी येते आणि तिन्हींचा परतीचा रस्ता एकच असतो, न्यूट्रलची तार. गंजलेला जोड तिचाच होता. काकांनी जुनं टोक कापलं आणि नवं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची टोपी, दाबून बसवलं. तार होती ॲल्युमिनियमची आणि काकांच्या पिशवीत थिंबल निघालं तांब्याचं. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, काही दिवसांनी जोड आतून खात जातो. काकांना हे पक्कं माहीत होतं. "आज हे चालवून घेतो," ते किल्लेदाराला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बरोबर आणून बदलतो." पुढच्या आठवड्यात बाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. थिंबल राहून गेलं. मीही ते ऐकलं होतं, आणि मीही विसरलो.

दीड वर्ष सुरळीत गेलं. आमच्या शेजारच्या जागेत पाव भाजणारी एक बाई तिची गाडी घेऊन आली. गाडीत विजेच्या दोन भट्ट्या. रोज बाराच्या सुमाराला ती भट्टी लावायची आणि संध्याकाळी गावात पाव विकायला निघायची. मोठ्या मनाची बाई. पहिला पाव निघाला की बाईंना आणून द्यायची. आम्ही तिला भट्टीवाली म्हणायचो.

एका दुपारी माझ्या काचेवर आकडा चढू लागला. दोनशे चाळीस, दोनशे एकावन्न, दोनशे अठ्ठावन्न. मी तोडली. टक्. आत मशीन थांबलं आणि पीप पीप करायला लागलं. काकांनी धावत जाऊन सिलिंडर उघडला, नळी त्याला लावली, बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. मग चष्मा शोधला, मग आपला जुना मीटर शोधला आणि बाहेर आले. तोवर भट्टी तापून आपोआप थांबली होती आणि माझी तीन मिनिटंही संपली होती. काकांनी खांबात मीटर लावला. दोनशे बत्तीस.

"सगळं ठीक आहे की," ते म्हणाले. "याला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. दर वेळी मी तोडायचो, दर वेळी काका उशिरा पोचायचे आणि दर वेळी त्यांचा मीटर दोनशे तीसच्या आसपास दाखवायचा. मी ओरडून सांगितलं असतं की काका, आधी मीटर घ्या, मग चष्मा शोधा. पण मला शब्द एकच येतो.

भट्टीवालीही त्याच आठवड्यात कुरकुरत होती. "काका, हल्ली भट्टी नीट तापतच नाही बघा. पाव पांढरेच राहतात."

"कॉइल जुनी झाली असेल," काका म्हणाले.

मित्रांनो, मी थक्क झालो. एकाकडे वीज कमी आणि शेजाऱ्याकडे जास्त, म्हणजे न्यूट्रल सैल. परतीची तार सैल झाली की एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात जाऊन पडतं. काकांनी हे आपल्या नोकरीत कितीतरी नव्या वायरमनना शिकवलं होतं. बसमध्ये पाहुणे आले की ते हे मिटक्या मारत समजावून सांगायचे. आणि आता दोन्ही ताटं समोर मांडलेली असताना ते त्यांना दिसेना. कारण न्यूट्रलचा जोड त्यांच्या स्वतःच्या हातचा होता. चौतीस वर्षांत त्यांचा एकही जोड कधी सुटला नव्हता, आणि हे ते दर दोन दिवसांनी सांगायचे. त्यांनी पंखा तपासला, फ्रिज तपासला, माझे स्क्रू आवळले. दहा पावलांवरची पेटी तेवढी उघडली नाही.

"डोंगरावर वीज पडली ना, तेव्हापासून हा भित्रा झालाय," ते बाईंना म्हणाले. "दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितो."

भित्रा म्हणाले मला. चकती करपवून ज्यांचं घर राखलं ते. माझ्या लाल दिव्याने बाईंना धसका बसतो म्हणून काकांनी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी गिळलं तेही. मनात म्हटलं, पट्टी लावा, हात तर माझा मोकळा आहे.

मग तो रविवार आला. भट्टीवालीला एका लग्नाचं काम होतं. मी दुपारभरात चार वेळा तोडली. चौथ्या वेळी काका पाण्याच्या नळावर गेले होते आणि सिलिंडर उघडायला त्यांना उशीर झाला. ते आले तेव्हा बाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. नळी लागल्यावर त्यांनी चार-पाच श्वास ओढून घेतले. मग हळूच म्हणाल्या, "अहो, तीन मिनिटं फार असतात हो."

हे वाक्य मी खिडकीतून ऐकलं. माझ्या अभिमानाचं त्याच क्षणी पाणी झालं. मी फ्रिजसाठी मोजायचो. श्वासासाठी कधी मोजलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी काका बाहेर आले. त्यांनी खांबातून माझी शेपटी उपटली, बसची वायर सरळ खांबाला जोडली आणि मला दाराबाहेरच्या खुंटीला टांगलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यावर राग नाही रे. पण तिला त्रास होतो."

खरं सांगतो, ते रागाने उपटून फेकते तर मला इतकं लागलं नसतं. त्यांनी प्रेमापोटी काढलं. ज्या बाईंसाठी मी मधे उभा होतो, त्यांच्यासाठीच मला बाजूला केलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस मी टांगलेला. काच काळी, पोटात वीज नाही, पण खुंटीवरून खांबही दिसायचा, पेटीही आणि बाईंची खिडकीही. चारही दुपारी बसमधला पंखा जरा जास्तच जोरात फिरला. मशीन एकदाही थांबलं नाही. बाई खुर्चीत बसून जुना नकाशांचा ठोकळा, म्हणजे ॲटलासचं जाडजूड पुस्तक, उघडायच्या आणि बोटाने नद्यांवरून फिरायच्या. काका खुशीत होते. रिकामा होत आलेला सिलिंडर भरून आणायचा होता, तोही त्यांनी पुढे ढकलला. आता त्याची गरज काय, असं म्हणाले. रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बाबा, टकटक्या काय म्हणतो?"

"मजेत आहे," काका माझ्याकडे बघत म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला काका नळावर बादली भरत होते. भट्टीवालीने दोन्ही भट्ट्या एकदम लावल्या. समोरच्या पेटीतून तेल तडतडावं तसा बारीक आवाज आला आणि थांबला. परतीची तार तुटली होती.

माझ्या काचेवर आकडा नव्हता, पण मला आकड्याची गरज नव्हती. जन्माच्या दिवशी ज्याने माझी परीक्षा घेतली तो चारशेच्या घरातला पाहुणा सरळ बसमध्ये शिरत होता आणि मधे कोणी नव्हतं. भर उन्हात ओट्यावरचा दिवा पांढराफटक पेटला आणि फुटला. पंखा घोंगावला. टीव्हीतून धूर निघाला, फ्रिजमधून फट् असा आवाज आला, पाण्याच्या पंपाची सर्किटची पाटी जळली, बॅटरीचा चार्जर जळला. हे सगळं तुम्ही हे वाक्य वाचायला जेवढा वेळ घेतला त्याहून कमी वेळात झालं. आणि मग घुर्र घुर्र थांबली. मशीनने या वेळी पीप पीपही केलं नाही. ओरडायचं यंत्रही आतच जळून गेलं होतं.

मी खुंटीवर लटकत होतो. माझा लोखंडी हात शाबूत होता, दोन चकत्या शाबूत होत्या, सगळी विद्या शाबूत होती, आणि मी एखाद्या रिकाम्या पिशवीसारखा टांगलेला. खिडकीतून मला बाईंचा हात दिसला. तो नळी चाचपत होता. नळीतून काहीच येत नव्हतं.

काकांनी बादली टाकली आणि धावले. खांबातली वायर त्यांनी उघड्या हाताने ओढून काढली. आत धूर, धुरात बाई. त्यांनी सिलिंडर उघडला. काटा लालच्या कडेला होता, पंधरा-वीस मिनिटं पुरेल एवढाच वायू. काका बसच्या पुढच्या आसनावर चढले आणि किल्ली फिरवली. दीड वर्षाहून जास्त न हललेली बस नुसती खाकरली. खाली ठोकळे, टायरमध्ये हवा नाही. ते तसेच खाली उतरले आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभे राहिले. चौतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस, पण पुढे काय करायचं ते त्या क्षणी त्याला कळत नव्हतं.

"काका, बाईंना घ्या," भट्टीवाली ओरडली. तिने आपल्या गाडीची वायर हिसडून काढली होती आणि इंजिन सुरू केलं होतं. दोघांनी बाईंना उचललं. सिलिंडर भट्टीवालीच्या काखेत. अर्धवट भाजलेल्या पावांचे ट्रे सरकवून बाईंना आत बसवलं आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली. वळणावर एक ट्रे खाली पडला. पांढरे पाव रस्त्यावर पसरले.

मग मैदानात कोणीच नव्हतं. बादलीतलं पाणी माझ्या खुंटीखालपर्यंत वाहत आलं. नकाशांचा ठोकळा खुर्चीवर उघडा पडला होता. मित्रांनो, तीन दिवस मला काहीही कळलं नाही. बाई आहेत की गेल्या, एवढं एक कोणीतरी येऊन सांगावं, बस. येणारे-जाणारे बसकडे बघायचे आणि धुराचा वास घेऊन पुढे जायचे. किल्लेदार एकदा आला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला.

चौथ्या दिवशी मुलगी आली. तिने मला खुंटीवरून काढलं. माझी दोन्ही टोकं पाहिली, लाल दिव्यावरची पट्टी पाहिली, खांबापाशी पडलेलं बसच्या वायरचं सुटं टोक पाहिलं. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ती पायरीवर बसली आणि मला मांडीवर घेतलं. तिच्या मागून काका आले. चार दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. ती त्यांना एवढंच म्हणाली, "आई शुद्धीवर आली आहे, म्हणून मी तुम्हाला काही बोलत नाही."

शुद्धीवर. तो शब्द ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला.

थोड्या वेळाने वीज कंपनीचा माणूस आला. किल्लेदाराने कुलूप काढलं, पेटी उघडली. आत न्यूट्रलचं टोक काळंठिक्कर पडलं होतं. त्या माणसाने ते चिमट्यात धरून वर केलं. "ॲल्युमिनियमला तांब्याचं थिंबल? कोण हा शहाणा?"

किल्लेदाराने जमिनीकडे बघितलं. काकांचं नाव त्याने घेतलं नाही. काका दोन पावलं पुढे गेले.

"मी," ते म्हणाले.

मुलीचा हात माझ्यावर होता. तिने तो काढून घेतला. मला वाटलं होतं की धक्के संपले.

आठव्या दिवशी भट्टीवालीच्या गाडीतून बाई परत आल्या. त्यांच्या मांडीवर नवं मशीन होतं. भट्टीवालीने त्यांना दाराशी खुर्चीत बसवलं, भरलेला सिलिंडर शेजारी ठेवला आणि नळी लावून दिली. पेटीत नवा जोड बसला होता, बरोबर थिंबलचा. मुलगी नवं मशीन आत जोडून जळलेले भाग बदलत होती. काकांनी मला हातात घेतलं. लाल दिव्यावरची पट्टी नखाने खरवडून काढली, मला खांबाला जोडलं, बसची वायर मला जोडली. माझी काच उजळली. एकशे ऐंशी. एकशे एकोणऐंशी.

काका माझ्यासमोर उकिडवे बसले होते, पाठ बाईंकडे. एकशे साठला ते बाईंना म्हणाले,

"तुला एक सांगायचंय."

"सांगा ना."

"मशीन आपसूक नाही जळलं. हा मी काढून ठेवला होता. सोमवारपासून."

एकशे चाळीस झाले, एकशे वीस झाले. मग बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं."

काका वळले.

"रोज दुपारी हा टक् करायचा," बाई थांबत थांबत म्हणाल्या. "सोमवारी केलं नाही. मंगळवारी नाही. तीस वर्षं वर्गात काढली मी. वर्ग एकदम गप्प झाला की कोणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"बरं वाटत होतं हो. श्वास तुटत नव्हता. म्हटलं, विचारलं तर तुम्ही पुन्हा लावाल."

माझ्या काचेवर तेव्हा नव्वद होतं. मी त्या दिवसापर्यंत समजत होतो की माझ्यावर एका माणसाने अन्याय केला. दोघांनी मिळून मला गप्प केलं होतं, एकाने हाताने आणि एकीने मुकाट राहून. आणि दोघांनाही भीती कशाची होती, तर माझ्या तीन मिनिटांची. मी तापलेल्या तव्यासारखा बसून राहिलो.

मुलगी दारात येऊन उभी होती. तिच्या हातात एक चौकोनी बॅटरी होती, त्याच सकाळी आणलेली. "ही वीज आणि मशीन यांच्या मधे लावते," ती म्हणाली. "टकटक्याने वीज तोडली तरी आईचं मशीन यावर तासभर चालेल. तीन मिनिटं तिला कळणारही नाहीत."

काकांनी त्या बॅटरीकडे बघितलं. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग आधी का नाही आणलीस?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी रोज विचारत होते, बाबा. तुम्ही रोज मजेत म्हणत होता."

काचेवर आकडे उतरत राहिले. दहा, नऊ, आठ. बाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीचे हात धरले, सवयीने. तीन, दोन, एक.

टक्.

आत मशीन घुर्र घुर्र करू लागलं. मुलीने नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावली. बाईंनी डोळे उघडले, एक लांब श्वास घेतला आणि नकाशांचा ठोकळा मागितला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी आता आणखी जुना झालो आहे. माझ्या लाल दिव्यावर पट्टीचा चिकटपणा अजून आहे आणि त्याला धूळ बसते. तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी असेल, जे नको त्या वेळी अडवतं, लाल होतं, टक् करतं. त्याच्यावर पट्टी लावू नका. ते कशाला अडवतंय ते बाहेर जाऊन बघा, आणि स्वतःच्या हातचं काम आधी बघा. त्याच्या अडवण्याने घरात कोणाला त्रास होत असेल तर तोही मोकळेपणाने सांगा. त्रासावर बहुतेक वेळा काहीतरी उपाय असतो. आणि कोणी रोज मजेत म्हणत असेल, तर त्याला एकदा आणखी विचारा.

मुलीचा फोन अजून रोज संध्याकाळी येतो. प्रश्न तोच. काका आता मजेत म्हणत नाहीत. फोन कानाला धरून पायऱ्या उतरतात, चष्मा लावतात, माझ्यासमोर वाकतात आणि काचेवर जो आकडा असेल तो वाचून दाखवतात.